पाटीवरची रिकामी जागा

बाजारात वाळलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला आणि खांडबाऱ्याची शाळा आठवली. मास्तरांनी दोघांत एक पाटी दिली होती. विषय, मोहाचं झाड. मी दुकानदाराचा मुलगा. ऐटीत लिहिलं, ‘मोहाची दारू होते, म्हणून हे झाड वाईट.’

माझा जोडीदार रुपजी डोंगरातल्या पाड्यावरचा. वाचून तो म्हणाला, “आखाडमा घरमा दाना नही ऱ्हास, तवय माय हाई फुलं रांधस.”

ओशाळून मी थुंकीनं ओळ पुसायला गेलो. त्यानं हात धरला.

“ऱ्हाऊ दे. मन्हा बाप दारू पेस. पन खाले जागा सोड.”

अजूनही काही ठाम लिहिलं, की खाली दोन बोटं जागा सोडतो.