डोणीतलं पंचामृत

लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून परतताना मी अकोल्याकडच्या आमच्या तळ्यातला कुमुदाचा गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळून नगरला आणला. परसात जनावरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण रिकामीच पडली होती. तळाशी चिखल घातला, गड्डा लावला, पाणी भरलं. सासरी माझं म्हणावं असं तेवढंच होतं. ते जगावं, बास, आणखी काही नको होतं मला.

पानं वर आली आणि मामंजींना भक्तीचा उमाळा आला. निर्माल्य पायदळी जाता कामा नये, नदीपर्यंत रोज कोण जाणार? मग शिळी फुलं, बेल, तुळस, सगळं डोणीत. लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, आम्ही बायका गुळाचा चहा पीत होतो, आणि देवाच्या अंघोळीचं पंचामृत मात्र रोज डोणीत ओतलं जाई.

थोड्याच दिवसांत पाण्यावर पिवळट साय धरली. खाली कुजका झेंडू, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. जेवायला बसलं की तो आंबूस वास यायचा आणि घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. शी!

"मामंजी, त्याला चिखल आणि ऊन पुरतं हो," मी एकदा धीर करून म्हटलं.

"सूनबाई, लक्ष्मीचं आसन आहे ते. त्याला घाण म्हणू नये," असं म्हणून ते उपरणं नाकाला लावून आत गेले.

पानं काळी पडली. डोण उपसायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. कोपरापर्यंत हात घालून गड्डा काढला, तर बोटं सरळ आत रुतली. मी तिथेच ओकले. एका टोकाला बोटभर भाग तेवढा टणक राहिला होता. तो कापून घेतला.

पूजेतलं काही जिथे कुणी नेणार नाही अशी आमच्या घरात एकच जागा होती, संडासाची वाट. तिथे कान तुटलेल्या बादलीत मी तो तुकडा लावला.

पुढच्या पावसाळ्यात त्याला पांढरंशुभ्र फूल आलं. मामंजी हातात टमरेल घेऊन कितीतरी वेळ बघत उभे राहिले.

"काय सुरेख आलंय! पण इथलं देवाला चालायचं नाही गं."

"म्हणूनच इथे लावलंय," मी म्हटलं.