प्रल्हादचे आठ बिट

आमच्या आयसेलिनच्या अपार्टमेंटमध्ये दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवणारी माणसं पुष्कळ होती. प्रल्हाद बोंद्रे मात्र त्या डब्यांवर आत काय आहे ते तारखेसकट लिहायचा. माणूस चिक्कू नव्हता, पण काही वाया गेलेलं त्याला बघवायचं नाही. नोकरीही नेमकी तशीच मिळाली होती. एका टेलिफोन कंपनीत तो व्हॉइसमेलचं काम बघायचा. लोकांचे निरोप कमीत कमी जागेत कसे मावतील, हाच त्याचा नऊ वर्षांचा उद्योग. मी समोरच्या घरात राहणारी आणि तोंडाने जरा फटकळ, त्यामुळे त्याची टिंगल करायचा मक्ता माझ्याकडे होता.

२००४ साली त्याचे वडील श्रीरामनाना देशातून सहा महिन्यांसाठी आले. भोरला जन्मभर शाळामास्तर. आल्या आल्या त्यांनी सात वर्षांच्या नातीला, रुहीला, पावकी शिकवायला घेतली. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. रुही म्हणायची, "नाना, दॅट्स जस्ट फ्रॅक्शन्स!" आणि तरी मान डोलवत पाठ करायची.

चौथ्या महिन्यात नानांचा घसा बसला, तो सुटेचना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन पुण्याला, मुलीच्या घराजवळ करायचं ठरलं. गुरुवारचं विमान. त्यानंतर नाना राहतील, आवाज राहणार नाही. प्रल्हाद हे मला आमच्या दारात उभं राहून सांगत होता आणि बोलताना उगाचच दाराची कडी वरखाली करत होता.

रविवारी दुपारी त्याने नानांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं रुहीसाठी भरून घ्यायचं होतं. तासभर चाललं. सोमवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो चेहरा पडलेला. "वहिनी, जरा येऊन ऐका ना. मलाच असं वाटतंय का बघा."

मी ऐकलं. पोह्याचं भांडं कोणी सतत हलवत असावं तशी खरखर, आणि तिच्या तळाशी कुठेतरी नाना. शब्द एक कळेना. मध्येच खणखणीत आवाज यायचा, "नाना, जरा मोठ्याने!" तो प्रल्हादचा. पुन्हा खरखर. पुन्हा "नाना, मोठ्याने बोला ना." तासाभरात असं तीसेक वेळा. त्या अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येत होता तो फक्त त्याचा तगादा. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची कीव आली.

"मशीन बिघडलंय का?" मी विचारलं.

"मशीन नाही, मी बिघडलोय," तो म्हणाला. "सेटिंग विचारलं तेव्हा मी आठ बिट निवडले. आमच्या फोनला आठच लागतात, म्हटलं साध्या बोलण्याला उगीच डिस्क कशाला वेस्ट करा."

मग त्याने समजावलं. आवाज मोजायला किती पायऱ्या मिळणार, ते बिटांवर ठरतं. आठ बिटांत दोनशे छप्पन्न. फोनमध्ये हळू आवाजाला झुकतं माप असतं, खालच्या पायऱ्या जवळजवळ बसवलेल्या असतात. त्याच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या सारख्याच उंच. नानांची कुजबुज पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच अडखळत राहिली. "हे मी नवीन पोरांना शिकवतो, वहिनी. आणि आजारी माणसाला म्हटलं मोठ्याने बोला."

मला नेहमीसारखं काहीतरी लागट बोलता आलं असतं. मी फक्त स्पीकर बंद केला.

मंगळवारी तो चोवीस बिटांचा रेकॉर्डिंग बॉक्स घेऊन आला. चोवीस म्हणजे एक कोटीच्या वर पायऱ्या. किती जागा खाईल हे त्याने मोजलंसुद्धा नाही, असं त्याची बायको आसावरी म्हणाली. बुधवारी सकाळी ऑफिसला सुट्टी टाकून त्याने फ्रिज बंद केला, एसी बंद केला, आणि स्वतःला बजावलं की काही झालं तरी आपण तोंड उघडायचं नाही. रुहीला सांभाळायला मी तिथे होते. तिचा हात माझ्या हातात होता.

नाना दहा मिनिटंच बोलू शकले. श्वास घेत, थांबत, पण स्वतःच्या आवाजात, जेवढा उरला होता तेवढ्या. शेवटी त्यांच्यातला मास्तर जागा झाला. प्रल्हादकडे बघून त्यांनी विचारलं, "सत्तावीस पाव किती?"

प्रल्हादने ओठ घट्ट मिटले. नानांनी वाट पाहिली. मग हसले. "विसरलास ना? पावणेसात."

रेकॉर्डिंग उत्तम आलं. नाना पुण्याला गेले, ऑपरेशन झालं, ते आता पाटीवर लिहून बोलतात.

डिसेंबरात मी त्यांच्याकडे लाडूंचा डबा द्यायला गेले. दार उघडंच होतं. प्रल्हाद एकटा कॉम्प्युटरसमोर बसला होता. स्पीकरमधून नाना म्हणाले, "सत्तावीस पाव किती?" आणि प्रल्हाद मोठ्याने म्हणाला, "पावणेसात!"

"विसरलास ना?" नाना म्हणाले.

मला बघून तो ओशाळला. मी म्हटलं, "अरे, सांगितलं नाहीस का त्यांना, की तुला येत होतं?"

"सांगितलं ना, एअरपोर्टवरच. हसले ते," प्रल्हाद म्हणाला. "पण हे नाना ऐकत नाहीत, वहिनी. रोज सांगतो."