थंड इंजिन आणि बादलीभर पाणी

“भाईसाब, स्टार्ट मत करो. पहले हाथ लगाने दो.”

जुनी स्कूटर बघायला गेले की काकांचं पहिलं वाक्य हेच. मग ताप बघावा तसा हाताचा उलटा पंजा इंजिनला लावायचे. कोमट लागलं की संपलं. “आपण यायच्या आधीच तापवून ठेवलीय. थंड गाडी खोटं बोलत नाही. चलो.” विकणारा बोलतच राहायचा, काका फाटकाबाहेर पोचलेले असायचे.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात ते आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायचे. सरकारी नोकरी, ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसने जाणं-येणं. स्वतःची दुचाकी नाही, पण कॉलनीत त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणी जुनी स्कूटर घेत नसे. आता तुम्ही म्हणाल, असा एक काका सगळ्याच कॉलन्यांत असतो. नसतो हो.

मला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला आणि कॉलेज निघालं दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून आठच्या प्रॅक्टिकलला मी रोज उशिरा. हजेरी इतकी घसरली की मॅडमनी बजावलं, आणखी दोन महिने असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही. बाबांनी निकाल दिला, “काका हो म्हणतील ती स्कूटर घ्यायची. नाहीतर इथलं जवळचं कॉलेज बघ, बी.ए. कर.”

तीन रविवार करोल बागेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. तिन्ही स्कूटर कोमट निघाल्या.

चौथ्या रविवारी लाल रंगाची, छोटी, बिनगियरची अशी एक मिळाली. इंजिन गार. बटण दाबताच सुरू. मी मनातल्या मनात तिच्यावरून कॉलेजला पोचलेसुद्धा. तेवढ्यात काकांनी बादलीभर पाणी मागितलं आणि रस्त्यावर ओतलं.

“पाण्यातून सरळ ढकल, बेटा. मागे बघू नकोस.”

ढकलली. मागे पाहिलं तर कोरड्या डांबरावर चाकांच्या दोन ओल्या रेघा, मध्ये बोटभर अंतर.

“पुढचं चाक एकीकडे, मागचं दुसरीकडे. हिची कंबर मोडून पुन्हा बसवलीय.”

विकणारा खाली बघत म्हणाला, “हल्की सी टक्कर थी, अंकल.”

मी तोंडात बोटं घालायचं सोडून रडायला लागले. “काका, तुम्हाला मला घेऊच द्यायची नाहीये.” परतीच्या ऑटोत त्यांनी सिग्नलवर घेतलेले शेंगदाणे माझ्यापुढे केले. मी घेतले नाहीत.

पाचव्या रविवारची स्कूटर करड्या रंगाची, ओरखडलेली, सीटला चिकटपट्टी. इंजिन गार. पाण्यातून ढकलली, एकच रेघ उमटली. काका बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभे राहिले.

“बिल्कुल. ही घे.”

घरी आणल्यावर मात्र किल्ली त्यांनी खिशात टाकली. “दोन दिवस माझ्याकडे राहू दे.” हजेरीचे दोन दिवस! माझा असा तिळपापड झाला की मी त्यांच्याकडे बघायचंच सोडलं.

बुधवारी सकाळी त्यांनी किल्ली दिली, सोबत घडी घातलेला कागद. मी तो न वाचताच निघाले. कॉलेजच्या गेटवर चौकीदार स्कूटरकडे बघून म्हणाला, “ये तो दो दिन से आ रही है. एक अंकल थे. पौने आठ बजे पहुँचते, पानी पीते, कुछ लिखते और लौट जाते.”

मी तिथेच कागद उघडला. टाइप केल्यासारखं अक्षर. ‘पुलाखाली वाळू आहे, ब्रेक आधी दाब. शाळेपाशी सात पंचवीसला बस अचानक थांबतात. तिसऱ्या सिग्नलनंतर डावीकडे खड्डा, पाण्याने भरला की दिसणार नाही.’ असं घरापासून गेटपर्यंत. कधी रजा न घेणारा माणूस दोन दिवस रजा घेऊन, माझ्या वेळेला, माझ्या रस्त्याने स्वतः पडायची जोखीम घेऊन आला होता. पुढे मी मोठमोठे सर्जन जवळून पाहिले. त्या गेटवर काका वाटले तेवढं थोर मला पुन्हा कुणी वाटलं नाही.

मी परीक्षेला बसले. काका निवृत्त होऊन साताऱ्याला गेले, आणि गेल्या वर्षी तिथेच वारले.

परवा लेकीसाठी करोल बागेत स्कूटर बघायला गेलो. मी इंजिनला हात लावला, पाणी मागितलं. “आई, यार, सगळे बघतायत,” ती पुटपुटली. रेघ एकच उमटली. घरी आल्यावर तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

“दोन दिवस माझ्याकडे राहू दे,” मी म्हटलं.

ती पाय आपटत आत गेली. मी हॉस्पिटलला फोन करून सोमवार-मंगळवारची रजा टाकली.