डॅशबोर्डामागच्या तारांना सवय असते

बाबांचा खुबा उन्हाळ्यात मोडला आणि आमच्या जुन्या गाडीला घरात एकदम मान आला. तोवर ती पेणच्या घरामागे आंब्याखाली उभी असायची, कोंबड्या तिच्या सावलीला बसायच्या आणि बायको तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालायची. खुबा जुळला, पण बाबांना एसटीची पायरी चढवेना, रिक्षात पाय लांब करता येईना, जीप तर लांबच राहिली. या गाडीची पुढची सीट मात्र बाकासारखी सलग होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. बाबा दाराकडे पाठ करून, पाय आडवा टाकून ऐसपैस बसू शकत. थोडक्यात, बाबांना रोह्याला नेऊ शकेल असं जगात एकच वाहन होतं आणि ते कोंबड्यांच्या ताब्यात होतं.

रोह्याला जायचं होतं भाऊबीजेला. तिथे आत्या, बाबांची थोरली बहीण. बाबांनी तिची एकही भाऊबीज चुकवली नव्हती, आणि बाबांना ओवाळल्याशिवाय ती त्या दिवशी जेवत नसे. दोघांचीही वयं अशी, की यंदाची चुकली तर पुढची धरता आली नसती. हे घरात कोणी बोलत नव्हतं. बाबा फक्त रोज सकाळी काठी टेकत आंब्यापर्यंत जात, गाडीकडे पाहत आणि परत येत.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. म्हणजे आमच्या घरात विजेचं जे काही बिघडे ते माझ्याच हातून अधिक बिघडे. गाडीची किल्ली फिरवली तर एकही दिवा लागेना. डॅशबोर्डाखाली डोकं घालून पाहिलं, तर उंदरांनी आत संसार थाटलेला. पेणात उंदराला फारसं कोणी बोलत नाही. गावातल्या निम्म्या घरांत तो रंगवून, चकचकीत करून पाटावर बसवलेला असतो. मीही बोललो नाही. फक्त जाहीर केलं, "अख्खं वायरिंग बाहेर काढतो, दुरुस्त करून आणतो आणि परत बसवतो."

"परत बसवायचं कोण?" बायकोने विचारलं.

"मीच की."

"मग बाबांना सांगून ठेवा, रोह्याला कार्ड टाका म्हणावं."

डॅशबोर्डामागच्या तारांची एक जाडजूड जुडी असते. मेथीच्या जुडीसारखी मधे बांधलेली, आणि दोन्ही टोकांना काड्या फाकाव्यात तशा तारा फाकलेल्या. एकेक तार एकेका जागी जाते: दिव्याला, भोंग्याला, पेट्रोलच्या काट्याला. मुळात प्रत्येकीचा रंग वेगळा असतो. पण आमच्या गाडीतल्या तारांनी खाडीवरची खारी हवा इतकी वर्षं खाल्ली होती की सगळ्या चहाच्या गाळाच्या रंगाच्या झाल्या होत्या. तेव्हा मला ती थोर कल्पना सुचली. शेजारी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. दादांना, म्हणजे तिथल्या मूर्तिकारांना, बोलावलं.

"दादा, मी एकेक तार काढतो. तारेच्या टोकाला आणि ती जिथून निघाली त्या जागेला तुम्ही एकाच रंगाचा ठिपका द्यायचा. बसवताना रंगाला रंग जोडला की झालं."

दादा रंगांच्या वाट्या घेऊन आले आणि गाडीशेजारी पाटावर बसले. ती दुपार मला अजून आठवते. दिवाळीआधीचं मऊ ऊन, आंब्याची पानं काचेवर हलताहेत, मी सीटवर उताणा, डोकं डॅशबोर्डाच्या पोटात, आणि बाहेरून दादांचा संथ आवाज, "हां सर, हिला पितांबराचा पिवळा दिला. पुढची द्या. हिला सोंडेचा गुलाबी. हिला आपल्या उंदराचा करडा." एवढ्या बारीक ठिपक्यालाही ते पापणी रंगवावी तसा श्वास धरत. त्या लयीत मला दोनदा झोप लागली आणि एकदा पान्हा नाकावर पडला.

गावातल्या वायरमनने कुरतडलेले तुकडे बदलून, जोडून जुडी परत दिली. काम चोख होतं. पण तिला उंदरांचा वास येत होता, आणि बाबांना त्या वासात दीड तास कसं बसवायचं? मी बादलीत साबणाचा फेस केला, जुडी बुडवली, पोरीचे केस धुवावेत तशी मायेने चोळली, स्वच्छ पाण्यातून काढली आणि दोरीवर वाळत घातली. बादलीतलं पाणी सुंदर दिसत होतं. वर पिवळसर, खाली गुलाबी, मधून करडी वलयं. मी काही वेळ ते कौतुकाने बघत उभा राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की मी काय बघतो आहे.

दादा कुंपणाशी आले. दोरीवरच्या जुडीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"सर, धुतलंत?"

"वास येत होता हो."

"अवो, आमचं रंग पाण्यात जायासाठीच असतात! उभ्या पेणात ह्ये कोणाला ठाव नाय?"

ठाऊक मलाही होतं. दर वर्षी विसर्जनाला नदीकाठी उभं राहून मी मुलांना विद्राव्य आणि अविद्राव्य पदार्थ समजावून सांगत असे.

भाऊबीज चार दिवसांवर आली होती. बाबा काठी टेकत आले. त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलेलं, त्यामुळे रागावताना ते आकड्यांत रागावत. "तारा किती?"

"बावीस."

"बावीस तारा बावीस जागी बसवण्याचे प्रकार किती होतात, काढ बरं."

मी मान खाली घातली. बाबांनी आत जाऊन आत्याला कार्ड लिहायला घेतलं. खिडकीतून ते मला दिसत होते. पत्ता लिहून झाला होता आणि त्याखाली लेखणी नुसतीच टेकलेली होती. ते पाहवेना, म्हणून मी परत गाडीत शिरलो.

दादा मागोमाग आले. त्यांनी जुडी दोरीवरून उतरवली आणि नुसती हातात तोलली. "मूर्ती हातात घेतली की तिचा तोल कुठं जातो बघायचा. आतमंदी सोडा बरं हिला. बसवू नका, नुसती सोडा."

मी जुडी डॅशबोर्डामागे आडवी सोडली, आणि खरोखर डोळ्यांसमोर एक गंमत झाली. इतकी वर्षं एकाच वाकणात राहून तारांचं वरचं कवच ताठर झालं होतं. साबण, पाणी, ऊन, कशानेच ती वाकणं मोडली नव्हती. सैल सोडताच प्रत्येक तार आपापल्या बाजूला वळली. एक भोंग्याकडे, एक दिव्यांच्या बटणाकडे, दोघी उजव्या कोपऱ्यात. भरतीचं पाणी जुन्या नाळांतून मिठागरात आपलं आपण शिरतं, तशा त्या आपल्या वाटा ओळखून शिरल्या.

"बघितलंत? सवय हाय त्यांना," दादा म्हणाले. "आपण फकस्त आड यायचं नाय."

दोन दिवस मी त्या अंधाऱ्या पोटात उताणा होतो. रेक्झिनचा, जुन्या धुळीचा, ओल्या तांब्याचा वास. पाय दाराबाहेर, पायाच्या अंगठ्यावर ऊन. जग दूर गेल्यासारखं वाटे. कारखान्यातून पॉलिश पेपरची खसखस येई, आणि ती तारांमधूनच येते आहे असा भास होई. एकेक तार आपल्या जागी लागली की मला वाटे, गाडीला तिची एक जुनी आठवण परत मिळाली. मधेच बाबांची काठी पायाला टोचे, "झोपलास का रे?" आणि मी झोपेतूनच म्हणे, "नाही, विचार करतोय."

शेवटी दोन तारा उरल्या. एक पेट्रोलच्या काट्याची, दुसरी इंजिनाच्या उष्णतेच्या काट्याची. दोन्ही काटे शेजारी शेजारी.

"सर, ही डावीकडं वळतेय," दादा म्हणाले.

"डावीकडे उष्णतेचा काटा आहे. ही पेट्रोलचीच. हिची जाडी बघा."

"जाडी ऱ्हाऊ द्या, वळण बघा."

"दादा, मी पदार्थविज्ञान शिकवतो."

दादा हात पुसू लागले. मी ती तार जोर लावून उजवीकडे ओढली. ती दोनदा सुटून डावीकडे गेली. तिसऱ्यांदा मी तिला चिकटपट्टीने बांधून टाकलं.

भाऊबीजेच्या सकाळी बायको एसटीने तिच्या भावाकडे अलिबागला गेली. जाताना मला म्हणाली, "बाबांना घेऊनच या परत." मी किल्ली फिरवली. दिवे लागले, भोंगा वाजला. बाबा नवं धोतर नेसून, पाय आडवा टाकून बसले आणि काचेला टेकून हसले. पेट्रोलचा काटा शून्यावर होता. वडखळला पंप होता, तिथे भरायचं ठरलं.

वडखळ येईतो काटा हलला, वर आला आणि पावावर थांबला.

"पंप आला," बाबा म्हणाले.

"काटा बघा ना. अडकला होता, सुटला."

"मघाशी शून्य. आता पाव. मधे पेट्रोल घातलं नाहीस."

"बाबा, हा यंत्राचा विषय आहे."

पंप मागे गेला. डोलवीच्या कंपनीचा धूर मागे गेला. नागोठण्याला काटा अर्ध्यावर आला, सुकेळीचा चढ चढलो तेव्हा पाऊणच्या वर. उष्णतेचा काटा मात्र तळाशी, आणि तोही आणखी खाली खाली चाललेला. इंजिन कसं थंडगार आहे म्हणून मी खूष. दोन्ही बाजूंना कापलेलं भात आडवं पडलेलं, त्यावर बगळे, हवेत पेंढ्याचा गोड वास. जितकं जावं तितकं पेट्रोल वाढणारी गाडी मी चालवत होतो, आणि मला त्यात काहीही वावगं वाटत नव्हतं. असंच जात राहावं, वाटलं.

खांब गाव मागे टाकलं, तेव्हा टाकी काठोकाठ भरल्याचं दाखवत गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

बाबांनी शांतपणे दोन्ही काट्यांकडे पाहिलं. "इंजिन तापलं की तुझं पेट्रोल वाढतं. आणि पेट्रोल कमी झालं की तुझं इंजिन गार होतं. आता सांग, तारा कुठल्या अदलाबदल झाल्या?"

मी घड्याळात पाहिलं. दुपार टळत आली होती. रोह्याला आत्या ताट मांडून उपाशी बसली असणार. बाबांना एकटं सोडून जाता येईना, आणि दुसऱ्या कुठल्या वाहनात ते मावेनात. रोह्याकडे शिफ्टला निघालेल्या एका मोटारसायकलवाल्याला थांबवलं. आत्याच्या घराची खूण सांगून म्हटलं, "सांगा, आम्ही इथे आहोत, कोणाकरवी पेट्रोल पाठवा."

"म्हातारं हाय ना आत? सांगतो, सांगतो," म्हणत तो गेला.

तासाभराने बाबा म्हणाले, "कार्ड टाकलं असतं तर बरं झालं असतं. ती जेवली तरी असती." एवढं बोलून ते खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं, की मला त्यांच्याकडे बघू द्यायचं नव्हतं, कोण जाणे.

मग एक रिक्षा समोर येऊन थांबली. आत आत्या. मांडीवर फडक्याने झाकलेलं ताट, दोन पायांच्या मधे पेट्रोलचा डबा.

"ताई, तू कशाला आलीस?" बाबा ओरडले.

"मग काय डब्याला ओवाळू?" ती म्हणाली, आणि ताटातलं निरांजन लावायला काडी काढली.

"आधी ते डबडं लांब ने!" बाबा, मी आणि रिक्षावाला एकदम ओरडलो. रिक्षावाल्याने डबा उचलून भाताच्या बांधावर नेला आणि तिथेच त्याच्याशेजारी उभा राहिला.

बाबांना उतरता येत नव्हतं. म्हणून आत्याच गाडीच्या दारात वाकली. हायवेचे ट्रक जात, वारा येई, आणि मी सदऱ्याचं टोक पसरून ज्योतीला आडोसा करत होतो. तिने कुंकू लावलं, ओवाळलं, त्यांच्या तोंडात करंजीचा तुकडा घातला. मग आडव्या टाकलेल्या पायाकडे बराच वेळ पाहिलं.

"दुखतं का रे?"

"छे," बाबा म्हणाले. रोज रात्री मी त्या पायाला तेल लावत होतो. "तुझे गुडघे?"

"माझे कुठे दुखतात," आत्या म्हणाली, आणि त्यांच्याशेजारी सीटवर ती टेकेपर्यंत मी तिला दोन्ही हातांनी धरून होतो.