कोळवंभर उरलं होतं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वालाच्या शेंगा सोलणं. बायको खळ्यावरच्या झोपडीच्या दारात, मी बारा हातांवर, बांधाच्या दगडावर. मध्ये चुन्याची रेघ. ती मीच ओढलेली.

तिच्या गळ्यात गाठ होती. मुंबईच्या इस्पितळात ती कापली आणि मागे राहिलेलं मारायला एक गोळी दिली. गोळी दिल्यावर चार दिवस तिला एकटीला खोलीत कोंडलं. सोडताना तिथल्या माणसाने तिच्यासमोर टकटक करणारं यंत्र धरलं. मी विचारलं, गोळी पोटात गेली, मग बाहेर काय येतंय?

तो म्हणाला, जगातली प्रत्येक वस्तू अणूंची. अणूच्या मध्ये घट्ट गाभा, भोवती हलके कण. काही अणूंचा गाभा बेचैन असतो. तो आपोआप फुटतो, किरण फेकतो आणि निवांत होतो. कुठला कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण या औषधातले निम्मे आठ दिवसांत निवतात. उरलेल्यातले निम्मे पुढच्या आठ दिवसांत.

हे मला लगेच कळलं. मी चौथीही पास नाही, पण भात मापण्यात जन्म गेला. पायलीची निम्मी अधोली, तिचा निम्मा शेर, मग मापटं, चिपटं, कोळवं, शेवटी निळवं. त्याखाली आमच्याकडे माप नाही. एसटीत टोकावड्याचा थांबा येईस्तोवर मी बोटांवर मोजलं. सहा वेळा निम्मं, दर वेळी आठ दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस.

त्या माणसाने सुनेपासून तीन आठवडे लांब राहायला सांगितलं होतं. सून पोटुशी, आणि तिचं पहिलं गेलेलं. मी ठरवलं, निळवं होईपर्यंत ही घरात येणार नाही. गावातल्या बायकांनाही बजावलं, जवळ जाऊ नका, तिच्या अंगातून किरण निघतात. मग त्या रस्त्यावरूनच हात करायच्या.

तो आणखी एक बोलला होता. पाणी भरपूर प्या, बरंचसं औषध पहिल्या काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. ते मी कानाआड केलं. माझ्या मापात ते बसत नव्हतं.

त्या संध्याकाळी चाळीस दिवस भरले होते. शेंगा संपत आल्यावर ती म्हणाली, "आता घरात येऊ काय?"

"कोळवंभर उरलंय."

"तो मुतायचंबी बोललेला. मी काय भाताची कणगी हाय, तोंड लिंपलेली?"

"आठ दिवस काढ गो. एवढे काढलेस."

"मग तुमी बसा हितं. मी रेघ ओढते."

तिने तिचे वाल तिच्या चुलीवर ठेवले, मी माझे घरी आणले.

सकाळी भाकर घेऊन गेलो, रेघेपाशी ठेवली, हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. तरी मी रेघेवरच उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, बराच वेळ. मग आत गेलो. झोपडीत वालाचा भुसा, भुशाला उंदीर, उंदरांमागे मण्यार. तिच्या पायाच्या अंगठ्याशी दोन बारीक टिपके होते. अंग गार.

बायका आल्या. त्यांनी पाणी तापवलं आणि रेघेबाहेर थांबल्या. एकीने विचारलं, हात लावला तर चालंल काय? माझंच शिकवलेलं, मी कुणावर चिडणार? म्हटलं, आता काही होत नाय. कुणी हललं नाही. सून पुढे झाली, तर तिला मीच मागे लोटलं.

मग बादली मी उचलली. लुगडं आडवं धरा म्हटलं, तेवढं त्यांनी लांबून धरलं. बाप्याने बायकोला आंघोळ घालायची रीत आमच्यात नाही. मी घातली. गळ्यावरचा वण मी तेव्हाच जवळून पाहिला. त्यावर पाणी घालताना माझा हात थांबला, मग चालला. वेणी घालता येईना, नुसते केस बांधले. कुंकू वाकडं लागलं. बायका म्हणाल्या, असू द्या. मी पुसलं आणि परत लावलं.