येळवशीचा पाहुणा

आमच्या दुकानातून कोण किती काडेपेट्या नेतो, यावर त्या दिवसांत माझं बारीक लक्ष होतं. पोलिसांनी तसं बजावलंच होतं, पण बजावायची गरज नव्हती. संशय घेण्यात मी मुळातच वाकबगार आहे. शेजारच्या गावातल्या एकानं विहिरीच्या पाण्यावरून सख्ख्या चुलतभावाचा खून केला, अशी फिर्याद होती, आणि तो आमच्या गंगाखेडकडच्या डोंगरात शिरला होता. डोंगर म्हणजे नुसती घाणेरी, बोरी-बाभळी आणि पळस. पण आत शिरलेला माणूस समोर असला तरी दिसत नाही. पोलिसांनी कुत्रं आणलं, ते ओढ्यापाशी जाऊन बसलं. ड्रोन उडवला, त्यात शेळ्या दिसल्या. आठवड्यामागून आठवडे गेले, माणूस काही सापडेना.

मग पोलिसांच्या साहेबांच्या मनात आलं, की त्याला गावातून कुणीतरी जेवण पुरवतंय. बोट गेलं आमच्या शेजारणीकडं, कारण ती त्याची पाठची बहीण.

तिचे आई-बाप कधीच गेलेले. माहेर म्हणजे हा एवढा एक भाऊ. तिच्या सासऱ्यानं अंगणात सगळ्यांदेखत सुनावलं, "एक भाकर जरी तिकडं गेल्याचं कळलं, तर लेकरं हितं ऱ्हातील अन् तू भाईर." ती गवऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मला भाऊच न्हाई."

हे शांत बोलणंच मला खटकलं. अशा वेळी बाई रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल. हिचा हातसुद्धा थांबला नाही. त्या दिवसापासून सकाळी दात घासता घासता मी भिंतीपलीकडच्या भाकरी ऐकायला लागलो. थापण्याचा आवाज जरा लांबला, की मनात पाल चुकचुकायची. आई वैतागायची, "तुला दुसरा धंदा न्हाई का रं?" पण एकट्या मला बोलून काय उपयोग? सगळं गाव हेच करत होतं. डोंगराच्या कडेला शेत असलेल्यानं डबा जरा मोठा नेला, तरी पारावरून विचारणा व्हायची, "कुणासाठी चाललंय एवढं?"

अशात येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या भागात गाव ओस पडतं, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, शेताभोवती आंबील शिंपडत फेरी मारायची. मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर. आणि बांधावरून कुणीही जाताना दिसला, तर त्याला हाक मारून जेवू घालायचं. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी, महादेवाची माणसं; भुकेल्याला घास देणं हीच आमची पूजा. आईपुढं तर यात सूट नव्हती.

साहेब बाहेरचे, पण डोकं चालणारे. त्यांनी हिशेब मांडला, की उपाशी माणूस आज खाली उतरणार आणि नक्की बहिणीच्या शेतात येणार. तिच्या कोपीभोवती तुरीत पोलीस लपवले. आजूबाजूच्या शेतांत साध्या कपड्यांतले दोन-दोन पाहुणे बसवले. आमच्या वाट्याला आले त्यांनी खांद्यावर उपरणं टाकलं होतं, पण पायात बूट पोलिसाचेच. आईनं ते बूट कोपीबाहेर काढायला लावले. पांडवांपुढं चप्पल चालत नाही, तिथं बुटाचं काय घेऊन बसलात.

सगळ्या रानात हाका चालल्या होत्या. "या, जेवायला या!" फक्त दोन बांध पलीकडून, शेजारणीच्या शेतातून, एकही हाक येत नव्हती. ती कोपीबाहेर तोंड मिटून उभी होती. हे हाक न मारणं हीच भावाला खूण असेल, असंही मला वाटून गेलं.

आणि तो आमच्याच ओढ्यातून वर आला. दाढी वाढलेली, सदरा फाटून चिंध्या झालेला. आई सकाळपासून जशी सगळ्यांना हाका मारत होती, तशीच म्हणाली, "ये बाबा, जेवून जा." बहिणीला भेटायला यायचा तेव्हा तो दुकानावर थांबायचा. मी ओळखलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

एक शिपाई अर्धवट उठला. आईनं त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं. "जेवणाऱ्याला उठवत न्हाईत. तुमी बी आमचंच अन्न खायलाव." शिपाई अनवाणी, तोंडात उंडा, बसला बिचारा. तो माणूस दोघांच्या समोरच मांडी घालून बसला. ते कोण आहेत हे त्याला कळलं होतं, असं मी आजही म्हणेन. खाली मान घालून जेवला. भज्जी दोनदा घेतली, वर आंबील प्याला. हात धुतले आणि तेच ओले हात पुढं केले. "चला."

बूट चढवता चढवता शिपायानं विचारलं, "बहिणीच्या शेतात का न्हाई गेलास रं?"

"तिला नांदायचंय," तो म्हणाला.

संध्याकाळी पारावर निकाल लागला, की तिनंच त्याला पढवून ठेवलं असणार. माझ्याही जिभेवर तेच होतं. सासरा मात्र निवला. त्याच्या घरातून भाकर गेली नव्हती, हे पोलिसांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडं विरजण मागायला आली. आईनं वाटी भरून दिली, तरी हलेना. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"काकू, पोट भरलं का त्याचं?"

"भरलं माय. भज्जी दोनदा घेतली."

वाटी खाली ठेवून ती तिथंच बसली, आणि इतक्या दिवसांत जे रडली नव्हती ते रडायला लागली. बाहेर रस्त्यावर लोक होते, आणि त्यांचे कान मला चांगले ठाऊक होते. मी उठलो आणि दाराला कडी घातली.