गुलाबी नळ्यांचं खोकं

मी चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर सही जमते, बसची पाटी वाचता येते. बाकी सगळं कानानं आणि हातानं शिकलो. धुळ्याकडून आलो आणि सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या सूत कंपनीत सव्वीस वर्षं मशीनवर उभा राहिलो. सुताचे लॉट असतात. दिसायला सगळे सारखेच पांढरे, पण रंगवले की प्रत्येक लॉट वेगळा रंग पितो. म्हणून ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर सूत गुंडाळायचं, तिचा रंग लॉटप्रमाणे ठरलेला. बाकीचे खोक्यावरचं स्टिकर वाचून खात्री करायचे. मी कधी वाचलं नाही आणि कधी चुकलोही नाही. हे मी चारचौघांत ऐकवायचो.

करोनातून उठलो तेव्हा दवाखान्यातून पायी घरी आलो. आजार संपला असं समजलो. पण दोन महिने गेले तरी पाण्याची कळशी उचलली की छातीत धडधड व्हायची, जिन्यात मध्येच बसावं लागायचं आणि बोलता बोलता साधा शब्द आठवेना. सिल्वासाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. करोना मागे ठेवून गेलाय ते हे, म्हणाल्या, कधी जाईल सांगता येत नाही. धडधडीची गोळी सकाळ-संध्याकाळ, तोंडात ओढायचा पंप दोन वेळा, दम लागो न लागो. पाणी भरपूर प्यायचं. जमेल त्याच्या निम्मंच काम करायचं, मध्ये मध्ये आडवं पडायचं. दारापर्यंत गेल्यावर मला परत बोलावलं.

"बाबा, बरं वाटेल त्या दिवशी जास्त जपा."

हे मला पटलं नाही. बरं वाटलं तर माणूस काम करणार, नाहीतर काय करणार? गोळी मी त्रास झाला तरच घ्यायचो. पंप तर कंपनीत बाहेरच काढत नसे. कोणी बघितलं तर म्हणतील, म्हातारा संपला. बायकोनं मिसळणाचा डबा रिकामा केला आणि सात वाट्यांत सात दिवसांच्या गोळ्या लावल्या. गोळ्यांना हळदीचा वास येतो, असं कारण मी काढलं.

ती म्हणाली, "मशीनचा आवाज आल्यावर मग तेल घालणाऱ्या पोरांना शिव्या कोण देतं हो?"

मी जेवणाचा डबा उचलून निघालो.

मग तीन दिवस चांगले गेले. चौथ्या दिवशी एक माणूस आला नाही म्हणून सुपरवायझरनं विचारलं, डबल शिफ्ट कराल का? मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, पण पाय माझे नव्हते. त्या दिवसातलं फार थोडं आठवतं.

महिन्याभरानं माल परत आला. सुपरवायझरनं टेबलावर निळं कापड पसरलं, त्यात पट्टे. दोन लॉट मिसळले होते. कोणत्या मशीनचं, कोणत्या दिवसाचं, हे कागदावरून निघालं. त्या मशीनवर आम्ही दोघं होतो, मी आणि उत्तर प्रदेशातला एक ऑपरेटर. दोन मुलींचा बाप.

सुपरवायझर नाशिकचा. त्यानं मला काही विचारलंसुद्धा नाही. काका चुकणार नाहीत, एवढं म्हणाला आणि त्या माणसाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तो वाद घालत बसला नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढता काढता माझ्याकडे वळला.

"चाचा, आप तो वहीं थे।"

मी टेबलावरच्या कापडाची घडी घालू लागलो. खोटं बोललो नाही, पण खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं.

घरी आलो तेव्हा जिन्यात दम लागला. चार पायऱ्या उरल्या होत्या तिथंच टेकलो. आणि टेकताना आठवलं. त्या दिवशीही असाच टेकलो होतो, मशीनजवळ, एका खोक्यावर. उभं राहवत नव्हतं. मग लांब जायला नको म्हणून बुडाखालचं तेच खोकं उघडलं आणि त्यातल्याच नळ्या एकेक करून मशीनवर चढवल्या. नळ्या गुलाबी होत्या. लागायच्या होत्या हिरव्या. म्हणून हिरव्या लॉटचं सूत गुलाबी लॉटमध्ये जाऊन मिसळलं. सबंध खेप मी बसल्या बसल्या बिघडवली होती.

बायकोला सांगितलं. तिनं निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, सकाळी लवकर जा, तो गावाला निघायच्या आत.

सकाळी गोळी घेतली, पंप ओढला, आणि सुपरवायझरला सांगितलं. त्याला ते खरं वाटेना. काका, त्याच्यासाठी अंगावर घेताय का? मी खोकं सांगितलं, बसलो होतो ते सांगितलं, गोळ्या चुकवल्या ते सांगितलं. पंप खिशातून काढून टेबलावर ठेवला. मग त्यानं खुर्ची पुढे सरकवली. सव्वीस वर्षांत त्या केबिनमध्ये मी कधी बसलो नव्हतो.

त्या माणसाला परत घेतलं. माझ्याशी तो फार बोलत नाही. मला मशीनवरून काढून पॅकिंगमध्ये बसवलं, अर्धा दिवस. खोक्यांवर स्टिकर लावायचं काम. एकेक अक्षर जुळवत वाचतो, वाचल्याशिवाय चिकटवत नाही.

आता गोळ्या वेळेवर घेतो. मिसळणाच्या डब्यातली त्या दिवसाची वाटी रात्री रिकामी असते. धडधड थोडी कमी आहे. डोकं मात्र पूर्वीसारखं होत नाही. भिंतीपलीकडे माझं मशीन चालतं. कोणतं बेअरिंग जायला आलंय ते पूर्वी मी नुसत्या आवाजावरून सांगायचो. हल्ली कान लावून बसतो. सगळा एकच आवाज येतो.